शिलाई मशीनवरचं स्टिअरिंग

आमच्या घरची चारचाकी चालवायला मिळावी म्हणून मला एक परीक्षा द्यावी लागली, आणि ती सरकारी नव्हती. सरकारी परीक्षा मी सहा वर्षांपूर्वीच पास झाले होते. लायसन कपाटात रेशनकार्डाच्या खाली निवांत पडून होतं. ही परीक्षा आमच्या ह्यांनी घातली होती आणि ती टीव्हीवर द्यायची होती.

झालं असं. मी शिक्षिका आहे. शाळा परभणीपासून अठरा-वीस किलोमीटरवर, पोखर्णीच्या रस्त्याने जाऊन मग फाट्यावरून आत. बावीस वर्षं मी या नाहीतर त्या गावच्या शाळेत जाते आहे, आणि बावीस वर्षं कुणाच्या ना कुणाच्या पाठीकडे बघत जाते आहे. सुरुवातीला ह्यांच्या मोटारसायकलवर, मग शाळेतल्या एका सरांच्या, आणि गेली पाच वर्षं आमच्याच शाळेतल्या एका बाईंच्या स्कूटीवर. त्यांच्या स्वेटरच्या मागच्या बाजूची वीण मला पाठ झाली होती. समोरचा रस्ता मात्र मी कधी धड पाहिलाच नव्हता. खड्डा आला की तो मला कळायचा, दिसायचा नाही.

यंदा त्या बाईंची बदली जिंतूर तालुक्यात झाली. राहिले दोन मार्ग. एसटी फाट्यावर पोचते अकराला आणि शाळा भरते दहाला. दुसरी ती काळी-पिवळी जीप, जिच्यात चौदा माणसं बसल्याशिवाय ती हलत नाही आणि ड्रायव्हर स्वतः अर्धा बाहेर लटकून चालवतो. ह्यांचं बी-बियाणांचं दुकान आहे. दसऱ्यापर्यंत ह्यांनी मला मोटारसायकलवर सोडायचं कबूल केलं. दसरा झाला की हरभऱ्याच्या बियाण्याला सकाळी आठपासून गिऱ्हाईक उभं राहतं, मग त्यांना जमणार नव्हतं.

आणि दारात चारचाकी उभी होती. छोटीशी, जुनी घेतलेली, पण ह्यांनी ती नव्या नवरीसारखी जपलेली. वर कव्हर, आत सीटवर टॉवेल, पायाखाली मॅट आणि मॅटवर वर्तमानपत्र. सणावाराला निघायची, देवाला जाऊन यायची, धुतली जायची आणि पुन्हा कव्हरात. मी म्हणाले, दसऱ्यानंतरच्या सोमवारपासून मी ही घेऊन जाते. जेवताना म्हणाले होते. ह्यांचा घास तसाच हातात राहिला.

खरं सांगायचं तर त्यांचंही पूर्ण चुकत नव्हतं. मी गाडी शिकले ती ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत. त्या गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. आमचे शिकवणारे एका हाताने फोन कानाला लावून कुणाशी तरी सोयरिकीच्या गप्पा मारायचे आणि पायाने माझ्या वतीने ब्रेक दाबायचे. एकवीस दिवसांत मी स्वतः ब्रेक कितीदा दाबला असेल, मला शंकाच आहे. लायसन मिळालं ते आम्हा दोघांना मिळून मिळालं म्हणायचं, फोटो फक्त माझा.

तोडगा लेकीने काढला. ती पुण्यात नोकरी करते. कॉलेजात असताना तिला गाड्यांच्या शर्यतीच्या खेळाचं वेड होतं. पहिल्या पगारात तिने त्या खेळाचं यंत्र, वर एक स्टिअरिंग आणि पायात घ्यायचे दोन पेडल असं सगळं घेतलं होतं. पुण्याच्या खोलीत जागा नाही म्हणून ते आमच्याकडेच राहिलं. फोनवर म्हणाली, आई, तोवर त्याच्यावर हात बसव, त्यातले रस्ते कच्चेच आहेत, तुझ्या शाळेच्या रस्त्यासारखे.

हे ऐकून ह्यांना एकदम हुरूप आला. हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "बरं मग. त्या टीव्हीतल्या गाडीत एक रस्ता सबंध पार करून दाखव, कुठं न ठोकता. मी देतो किल्ली. मग मी एक शब्द बोलणार न्हाई."

दसऱ्याला अजून पंधरा दिवस होते. मी हो म्हणाले. कच्च्या रस्त्यावर बावीस वर्षं काढलेली बाई, टीव्हीतल्या रस्त्याला काय घाबरायचं, असा माझा हिशेब.

पहिली अडचण स्टिअरिंग कुठे बसवायचं ही. त्याला खालून स्क्रूचा चाप आहे, तो टेबलाच्या कडेला आवळावा लागतो. जेवणाच्या टेबलाला काच. लेकीचं अभ्यासाचं टेबल भाचीला दिलेलं. राहिलं माझं शिलाई मशीन. त्याच्या फळीला तो चाप असा घट्ट बसला की जणू त्याच्यासाठीच केलेला. खाली मशीनचं स्वतःचं लोखंडी पायडल, आणि त्याच्याच पुढ्यात खेळाचे दोन पेडल. पहिल्या दिवशी वळण आलं, मी जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला. मशीनचं चाक गरागरा फिरलं, सुई वरखाली झाली आणि टीव्हीतली गाडी सरळ झाडात गेली.

या खेळात आपल्या बाजूला एक माणूस बसलेला असतो. तो दिसत नाही, त्याचा नुसता आवाज येतो. पुढचं वळण कसं आहे ते तो आधीच वाचून सांगतो. इंग्रजीत सांगतो, आणि अशा घाईत की त्याला लघवीला जायचं असावं. डावं की उजवं, आणि मग एक आकडा. एकपासून सहापर्यंत. लेकीने फोनवर सांगितलं होतं की आकडा म्हणजे वळणाची प्रत. बास, एवढ्यावर मी समजून गेले. बावीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला आकड्यांची प्रत काय सांगायची. पहिली सोपी, सहावी अवघड. सहा म्हटलं की मी ब्रेकवर उभी राहायची आणि एक म्हटलं की निवांत सोडून द्यायची.

तीन दिवस मी सहाच्या वळणावर बैलगाडीसारखी गेले आणि एकच्या वळणावर रोज दरीत. नंतर कळलं की उलटं आहे. एक म्हणजे जवळजवळ मागे फिरायचं वळण, सहा म्हणजे नुसता किंचित बाक. मला तो माणूस मुद्दाम खोटं बोलतो असंच वाटत होतं. चौथ्या दिवशी लेकीने उलगडा केला तेव्हा मी तिला विचारलं की पहिलीला सर्वांत अवघड कोण ठेवतं. ती हसून हसून बेजार झाली. मला काही त्यात हसण्यासारखं वाटलं नाही, आणि अजून वाटत नाही.

त्याहून मोठी फजिती साईड देण्याची. आपल्याकडचे आडरस्ते एका गाडीपुरते. मागून गाडी आली, तिला घाई आहे असं दिसलं, की आपण एका बाजूची चाकं खाली उतरवून तिला जाऊ द्यायचं. हे कुणी शिकवत नाही, अंगातच असतं. खेळात माझ्या मागून एक फिकट, आरपार दिसणारी गाडी आली. मी लगेच वेग कमी केला, डावीकडे घेतली, दोन चाकं गवतात उतरवली आणि तिला वाट दिली. ती भुर्रकन निघून गेली. मी मनात म्हटलं, जा बाई, तुला घाई असेल. प्रत्येक खेपेला ती मागून यायची आणि प्रत्येक खेपेला मी उतरून द्यायची. ह्यांनीही बाजूला चहा पीत बसून दोनदा सांगितलं, मागून गाडी आली बघ, दे साईड.

आठवड्याने कळलं की ती गाडी खरी नव्हतीच. आमच्या लेकीने चार वर्षांपूर्वी त्या रस्त्यावर जी वेळ लावली होती, तिची ती आठवण, यंत्राने जपून ठेवलेली. तिला धडक बसत नाही, ती आपल्या अंगातून जाऊ शकते. मी आठवडाभर माझ्याच लेकीच्या जुन्या सावलीला वाट करून देत होते. ती गाडी बंद करायचं बटण लेक सांगत होती. मी म्हटलं, राहू दे.

मग तो ओढा. रस्त्याच्या मध्ये पाणी वाहत होतं. मी थांबले. आपण पाण्याला थांबतोच. पुलावरून पाणी असलं की पलीकडून कुणी येतं का बघायचं, त्याच्या चाकाला पाणी कुठवर लागतं ते बघायचं, मग आपण घालायची. मी बघत बसले, पण पलीकडून येणार कोण? बाजूचा माणूसही गप्प. तेवढ्यात पडदा काळा झाला, यंत्राने माझी गाडी उचलली आणि मागे रस्त्याच्या मधोमध ठेवली, वर वेळेचा दंड. म्हणजे विचार करणाऱ्याला शिक्षा. वर्गात मी असं केलं असतं तर पालकांनी मला सोडलं नसतं.

आता मी नुसत्या तक्रारी सांगायले असं वाटायला नको, म्हणून बरं तेही सांगते. हा खेळ ज्यांनी केला, त्यांनी कच्चे रस्ते पायाखाली घातलेले असणार. मुरमावर गाडी आली की स्टिअरिंग हातात थरथरतं. खडी लागली की गाडीच्या पोटाखाली खडे उडाल्याचा आवाज येतो, अगदी काळी-पिवळीत मागच्या बाकावर बसल्यावर येतो तसा. सकाळचं ऊन समोरून येतं तेव्हा काचेवरची धूळ पेटल्यासारखी दिसते आणि दोन क्षण काही म्हणजे काही दिसत नाही. हे खरं आहे, असंच होतं. मागचं चाक घसरलं की घाबरून उलटं फिरवायचं नाही, जिकडे जायचं तिकडे बघायचं, हात आपोआप तिकडे जातात, हे मला कुठल्या क्लासने शिकवलं नाही, या खेळाने शिकवलं. ब्रेक वळणात नाही, वळणाच्या आधी. क्लासमध्ये मी बॉनेटकडे बघून चालवायची. खेळात आठ दिवसांत माझी नजर लांब जायला लागली. शाळेला जाताना ह्यांच्या खांद्यावरून मान काढून मी पुढचं वळण बघायची आणि मनात आकडा लावायची. डावं चार. उजवं दोन, मग खड्डा.

पण चिखल. चिखलावरून आम्हा नवरा-बायकोत जी वादावादी झाली, तशी लग्नात मानपानावरूनही झाली नव्हती. खेळात पाऊस पडतो, रस्ता तपकिरी होतो, काचेवर शिंतोडे उडतात, गाडी जरा घसरते, बास. चाकाला काहीही लागत नाही. हे म्हणाले, हा चिखलच न्हाई, हा नुसता रंग हाय. मी म्हणाले, बरोबर आहे. आपल्या काळ्या रानातून पाऊस झाल्यावर मोटारसायकल घातली की पन्नास पावलांत मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये माती गच्च होते आणि चाक फिरायचंच थांबतं. मग उतरायचं, काडी शोधायची, कोरत बसायचं, पुन्हा पन्नास पावलं. या खेळात मडगार्ड कोरायला काडी नाही. हे म्हणाले की त्या देशात काळी माती नसेल. मी म्हणाले की मग कच्च्या रस्त्याचा खेळ म्हणू नये. इथवर आमचं एकमत होतं, तरी आवाज चढलेलेच होते, का ते सांगता येणार नाही.

हॉर्नचंही तेच. मी वळणावर हॉर्न वाजवल्याशिवाय राहू शकत नाही. स्टिअरिंगच्या मध्यभागी दाबत राहायची, तिथे काही नव्हतंच. कडेला माणसं उभी असतात, टाळ्या वाजवतात, पण एकही माणूस हात दाखवून म्हणत नाही की बाई, फाट्यापर्यंत सोडा. समोरून कधी काही येत नाही. शेळ्या नाहीत. धडकलो तरी बटण दाबलं की गाडी नवी कोरी. आमच्या गाडीला दिवाळीत दारावर एक ओरखडा निघाला होता, तर हे तीन महिने रोज बोट फिरवून बघत होते. क्लच नाही, त्यामुळे गाडी कधी बंद पडत नाही. आणि मागे जाता येत नाही. येतं म्हणजे येतं, पण दोन पावलं मागे घेतली की तांबडी अक्षरं येतात की तुम्ही चुकीच्या दिशेला जात आहात, आणि पुन्हा ती उचलून ठेवण्याची तऱ्हा. खेळाला वाटतं माणसाला फक्त पुढे जायचं असतं. ज्याने हे केलं त्याला कुणी बोळात गाडी घालायला लावलेली नाही.

एकदा हेही बसले. म्हणाले, बघू तरी. मांडी मोडून, चष्मा पुसून, आरसा नीट करावा तसा टीव्हीकडे हात करून बसले. पहिल्याच वळणाला गाडी दगडावर. उठले, म्हणाले ह्याचं स्टिअरिंग ढिलं हाय, आणि आंघोळीला निघून गेले.

दसरा झाला. गाडीला हार पडला. दसऱ्यानंतरच्या शनिवारी शाळा अर्धी होती. दुपारी मी बसले, हे साक्षीदार म्हणून खुर्ची घेऊन. लेकीला तो रस्ता सहा मिनिटांचा. मला सतरा लागली. पण ओढ्याला न थांबता पाण्यात घातली, शेवटचं उजवं एक पुरतं फिरवलं आणि एकही झाड न लागता पलीकडे गेले. माझ्या दंडाला घाम आला होता. ह्यांनी शर्टाच्या खिशातून किल्ली काढली आणि मशीनच्या फळीवर ठेवली. त्या क्षणी मला जेवढं भारी वाटलं तेवढं नोकरीची ऑर्डर आली तेव्हाही वाटलं नव्हतं.

संध्याकाळी लेकीला फोन केला. ती खूश झाली, मग म्हणाली, "आई, ब्रेकची मदत बंद केली होतीस ना?"

मी विचारलं, कसली मदत.

तिने मग सांगितलं. कुणी सारखं ठोकायला लागलं की खेळ मध्येच विचारतो, तुम्ही नवशिके का. मी प्रामाणिकपणे हो म्हणाले होते. हो म्हटलं की वळणाच्या आधी खेळ स्वतःच ब्रेक लावतो. आपल्याला वाटतं आपण लावला. "तू नुसतं फिरवत होतीस," ती म्हणाली. वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाली, म्हणून जास्तच लागलं.

म्हणजे पुन्हा तेच. सहा वर्षांपूर्वी ते शिकवणारे फोनवर सोयरीक जुळवत माझा ब्रेक दाबत होते, आता टीव्हीतल्या यंत्राने दाबला. मी आपली बक्षीस घ्यायला पुढे. ह्यांना सांगावं की नाही? रात्रभर नाही म्हणवत, पण बराच वेळ कूस बदलत होते. किल्ली माझ्या पर्समध्ये होती आणि ती मला टोचत होती.

रविवारी हे दुकानात गेल्यावर मी ती मदत शोधून बंद केली. ती सापडायलाच पाऊण तास. एका यादीत दुसरी यादी, दुसरीत तिसरी, आणि अक्षरं अशी बारीक की मी वाचायचा चष्मा लावून टीव्हीला नाक लावून उभी. मग अकरा वेळा तो रस्ता घेतला. अकराही वेळा ठोकली. सर्वांत लांब गेले ती ओढ्याच्या जरा अलीकडे. तिथे एक उजवं दोन आहे, प्रत्येक वेळी माझा पाय ब्रेकवर जायच्या आत झाड यायचं. आपला पाय इतका आळशी आहे हे मला पन्नाशीला आल्यावर कळावं, याचा मला इतका राग आला की मी खेळाला नाही, मशीनच्या पायडलला लाथ मारली. अंगठा सुजला.

जेवायला हे आले तेव्हा गाडी झाडात आणि मी खुर्चीत. मी सगळं सांगून टाकलं. किल्ली काढून फळीवर ठेवली.

हे हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. हात धुतले, पुसले, मग म्हणाले, "मला वाटलंच. मी ठोकली आन् तू न्हाई ठोकली, हे कसं जमायचं."

किल्ली त्यांनी उचलली नाही. म्हणाले, उद्या मी बाजूला बसून येतो. मी विचारलं, आणि परवा?  त्यांनी भाकरी मोडली.

सोमवारी साडेआठलाच निघालो. फाटकातच गाडी दोनदा बंद पडली, कारण क्लच सोडण्याचा सराव मला कुणी दिला नव्हता. पोखर्णीच्या रस्त्याला लागलो. हे मला पुढचा रस्ता सांगायला लागले, पण त्यांची तऱ्हा अशी की खड्डा गेल्यावर म्हणायचे, खड्डा. ट्रक गेल्यावर म्हणायचे, ट्रक आला बरं का. आणि त्यांचा उजवा पाय सारखा मॅटवर दाबला जात होता. तिकडे ब्रेक नव्हता. मी तिरक्या नजरेने पाहिलं आणि पहिल्यांदाच मला खात्री पटली की या गाडीत ब्रेक दाबणारी मीच एक आहे. मग मी दाबला. जास्तच दाबला. ह्यांचं कपाळ काचेपाशी जाऊन आलं. त्यांनी पट्टा लावला.

फाट्यावरून आत वळलो. तिथून शाळेपर्यंतचा रस्ता एका गाडीपुरता डांबरी, आणि दोन दिवस परतीचा पाऊस झालेला. दोन्ही बाजूंना काळं रान नुसतं लोण्यासारखं. अर्ध्या वाटेवर समोरून ट्रॅक्टर आला, ट्रॉलीत सोयाबीनची पोती. भरलेली गाडी डांबरावर राहते, रिकामी खाली उतरते, हा आमच्याकडचा नियम. पण त्या रानात उतरणं म्हणजे दुपारपर्यंत तिथेच मुक्काम. एकच उपाय होता. मागे दीडशे पावलांवर नळकांडी पुलाजवळ मुरूम टाकून रुंद केलेली जागा होती, तिथवर गाडी मागे घ्यायची. दीडशे पावलं मागे. पंधरा दिवसांत मी दोन पावलांच्या वर मागे गेले नव्हते.

ह्यांनी दार उघडलं. "उतर. मी घेतो मागं."

मी स्टिअरिंग सोडलं नाही. मला माहीत होतं, आता उतरले तर उद्याही ह्यांना यावं लागेल, परवाही, आणि हरभरा संपला की हे म्हणतील जाऊ दे ना, मी सोडतो की मोटारसायकलवर. मी म्हणाले, "तुम्ही मागं बघा. घेणार मी."

ट्रॅक्टरवाले म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी इंजिन बंद केलं, मांडी घातली आणि वरून सांगितलं, "बाई, आरामात घ्या. मला काय गडबड न्हाई." त्या क्षणी मला ते देवासारखे वाटले, आणि ते बघत बसले म्हणून रागही आला.

हे उतरून मागे गेले. कडेच्या मातीत उभं राहून हात हलवायला लागले, येऊ द्या, येऊ द्या, थोडी डावीकडं, अगं तुझी डावी. गाडी तीनदा बंद पडली. एकदा मागचं चाक डांबराच्या कडेवरून अर्धं खाली गेलं, तेव्हा ह्यांचा आवाज असा आला की रानातले बगळे उडाले. मी थांबले. पुढे घेतली. पुन्हा मागे. नागमोडी गेले, पण गेले. मुरमावर चारही चाकं आली तेव्हा वीस मिनिटं झाली होती. म्हाताऱ्यांनी जाताना हात केला. मागे आणखी एक ट्रॅक्टर होता, त्यानेही केला.

हे परत आले तेव्हा चालता येत नव्हतं. दोन्ही चपलांना किलो किलोभर माती, उंची चार बोटं वाढलेली. दाराशी आले आणि थांबले. आत मॅट होती, मॅटवर वर्तमानपत्र. स्वतःच्याच गाडीत त्यांना स्वतःला बसवेना. मग काडी शोधून पुलाच्या कठड्यावर बसून चपला कोरत बसले, आणि मी गाडीत बसून घड्याळाकडे बघत राहिले. शाळेला मला पंचवीस मिनिटं उशीर झाला. मुख्याध्यापकांनी फक्त चष्म्यावरून पाहिलं.

शाळेच्या आवारात लिंबाखाली गाडी लावली. तेव्हा हे म्हणाले की आता मी घेऊन जातो, दुकानावर गिऱ्हाईक खोळंबलं असेल, पाचला न्यायला येतो. म्हणजे संध्याकाळी मी पुन्हा बाजूच्या सीटवर. या गोष्टीचा विचार आम्हा दोघांपैकी कुणीही आधी केला नव्हता. दोघं शिकलेली माणसं.

किल्ली माझ्या हातात होती. मी म्हणाले, गाडी इथंच राहू द्या. अकराची एसटी फाट्यावर येते.

त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग चपलांकडे. फाटा तिथून दीड किलोमीटर. मला वाटलं आता भांडण होणार. त्यांनी नुसतं दारावरच्या ओरखड्यावरून एकदा बोट फिरवलं आणि निघाले. जाता जाता एवढंच म्हणाले की पाय ब्रेकच्या जवळ ठेवत जा.

टीव्हीतला तो रस्ता मला अजून मदतीशिवाय पार करता आलेला नाही. त्या उजव्या दोनला मी अजूनही झाडात जाते. लेक म्हणते सराव कर. माझं म्हणणं, त्या खेळात मागचा गिअर धड द्या, थोडी काळी माती द्या, मग बघू.

त्या सोमवारी शाळा सुटल्यावर मी एकटी निघाले. फाट्यापर्यंत एकही ट्रॅक्टर लागला नाही, तेव्हा उगाच चुकल्यासारखं वाटलं. मोठ्या रस्त्याला मागून येणाऱ्या सगळ्यांनी हॉर्न वाजवून वाजवून मला बेजार केलं. एका मोटारसायकलवाल्याने तर जाताना वळून तोंडही बघितलं. परभणीपर्यंत एक तास दहा मिनिटं लागली. वाटेत पर्समधला फोन तीनदा वाजला. हेच असणार. घेतला नाही, दोन्ही हात कामात होते.